सायकल, साखर आणि शेगावची वाट

थंडी पडू लागली, कपाशीची एक-दोन वेचणी हातावेगळी झाली, की आमच्या सुलतानपूर परिसरात एक प्रश्न डॉक्टरला हमखास विचारला जातो. विचारणारा बहुधा पन्नाशी-साठीचा असतो. रक्तात साखर वाढल्याचे कळून त्याला चार-सहा वर्षे झालेली असतात. "डॉक्टरसाहेब, तुम्ही व्यायाम करा म्हणता. मंग सायकल चालवली त चालते काय? का चक्कर येऊन पडीन कुठी?"

या प्रश्नाचे दोन्ही भाग बरोबर आहेत. सायकल चालवलेली चालते, इतकेच नव्हे तर मधुमेहाच्या माणसाला तिच्याइतका सोयीचा व्यायाम क्वचितच मिळेल. आणि चक्कर येण्याची भीतीही खोटी नाही. ती कोणाला, केव्हा आणि का येते हे ठाऊक असले म्हणजे मात्र ती टाळता येते. आजच्या लेखात तेच समजावून सांगायचे आहे. त्यासाठी गेल्या हिवाळ्यात मी आणि माझे एक मित्र यांनी केलेल्या पाच दिवसांच्या सायकलप्रवासाचा आधार घेतो. मित्राचे नाव सांगत नाही, पण हा प्रसंग लिहायला त्यांनीच आनंदाने परवानगी दिली आहे. निवृत्त शिक्षक असल्यामुळे सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही तसेच म्हणेन. वय एकसष्ट. मधुमेह आठ वर्षांपासून. त्यांच्या वडिलांचा पाय याच आजाराने कापावा लागला होता. त्यामुळे गुरुजींच्या मनात आजाराची धास्ती आणि आपण अजून धडधाकट आहोत हे सिद्ध करण्याची ईर्षा, दोन्ही एकत्र नांदत होती.

दोन महिन्यांची तयारी

आपल्याकडे सायकलवरून लांबचा प्रवास ही काही नवी गोष्ट नाही. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' सायकलयात्रा काढली, तेव्हा शंभराहून अधिक तरुण-तरुणी त्यात होते. बाबांना स्वतःला मणक्याच्या विकारामुळे सायकलवर बसता येत नव्हते, ते गाडीतून सोबत राहिले. अलीकडे २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी आणि २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडण्याची सायकलशर्यत पूर्ण केली. ते अंतर पाच हजार किलोमीटरच्या घरात जाते. तिघेही डॉक्टर आहेत, हे आमच्या व्यवसायाला भूषणच.

आमचा बेत अर्थातच असा पराक्रमाचा नव्हता. पहिल्या दिवशी सुलतानपूरहून लोणारला जाऊन सरोवर पाहायचे आणि परत फिरून मेहकरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी जानेफळमार्गे खामगाव. तिसऱ्या दिवशी जवळच्या शेगावला जाऊन गजानन महाराजांचे दर्शन आणि विश्रांती. चौथ्या दिवशी खामगाव करून चिखली आणि पाचव्या दिवशी मेहकरमार्गे घर. सगळे मिळून सुमारे अडीचशे किलोमीटर. आषाढीनंतर पंढरपूरहून परतणारी शेगावची पालखी आपल्या भागातून, मेहकर-जानेफळ-खामगाव अशी जाते. वारकरी जी वाट पायी चालतात ती आपण सायकलने का करू नये, हा गुरुजींचा युक्तिवाद.

त्यांच्या घरून परवानगी मिळाली ती एका अटीवर, डॉक्टर सोबत हवेत. माझी अट निराळी होती. आधी दोन महिने रोज सकाळी सायकल चालवायची. सुरुवातीला पाच किलोमीटर, मग दहा, मग आठवड्यातून एकदा लोणारला जाऊन येणे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. मध्यम श्रम म्हणजे बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत धाप लागणे. गुरुजी सायकलवर अभंग म्हणत. तो ओळीच्या मध्येच तुटू लागला की श्रम पुरेसे झाले असे आम्ही मानत असू.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

चाळिशी ओलांडलेल्या, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाने लांबच्या सायकलप्रवासापूर्वी पाच गोष्टी तपासून घ्याव्यात. एक, रक्तदाब. दोन, हृदयाचा आलेख, आणि चालताना छातीत दडपण येत असेल तर त्यापुढची तपासणी. तीन, डोळ्यांचा पडदा. मधुमेहाने पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जोर लावून दम कोंडण्याचे श्रम घातक ठरू शकतात. चार, पायांची संवेदना. पायाला बधिरपणा असेल तर बुटातला खडा किंवा फोड कळत नाही आणि जखम चिघळते. पाच, आणि सर्वांत महत्त्वाचे, आपण कोणत्या गोळ्या घेतो याची यादी.

ही यादी का महत्त्वाची ते सांगतो. मधुमेहाच्या सर्व गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन ही गोळी एकटी असेल तर ती साखर सहसा धोक्याइतकी खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडतात, मग तुम्ही जेवलेले असा की नसा. इन्शुलिनच्या इंजेक्शनचेही तसेच. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे अंगातले पाणी कमी होते आणि उपाशीपोटी श्रम केल्यास निराळाच त्रास उद्भवू शकतो. म्हणून, 'मी साखरेची एक गोळी घेतो' एवढे सांगून भागत नाही. कोणती, किती आणि केव्हा, हे सांगता आले पाहिजे.

गुरुजी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन्ही गोळ्या घेत. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने प्रवासाच्या दिवसांत ग्लिमेपिराइड निम्मी करायची ठरली. शिवाय मी एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिले होते: 'न्याहारी नाही, तर ही गोळी नाही.' तो कागद त्यांच्या खिशात होता.

सायकल अंगाला बसली पाहिजे

सायकलीने गुडघे दुखतात अशी तक्रार पुष्कळ जण करतात. खरे तर सायकलीवर शरीराचे वजन बैठक पेलते, गुडघ्यावर चालण्यापेक्षाही कमी भार येतो. दोष बहुतेक वेळा बैठकीच्या उंचीचा असतो. बैठकीवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक राहतो. हीच योग्य उंची. बैठक खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते, फार वर असेल तर मागच्या बाजूला. आपल्याकडे घरातली एकच सायकल बाप, मुलगा आणि गडी असे तिघे चालवतात आणि बैठक कोणीच हलवत नाही. पाना लावून दोन मिनिटांत होणारे हे काम महिनोन् महिन्यांची गुडघेदुखी वाचवते.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होणे ही दुसरी तक्रार. हँडलवर तळहाताचा सगळा भार टाकल्याने तिथून जाणारी नस दाबली जाते. हात वरचेवर हलवावा, कोपरे सैल ठेवावीत, मुठीवर जुन्या कापडाची जाड घडी गुंडाळावी. बैठकीवर बराच वेळ बसून जांघेच्या मधल्या भागात मुंग्या आल्या तर तेही नस दाबल्याचे लक्षण आहे. लाजून गप्प बसू नये. दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभे राहावे आणि बैठकीचे टोक वर उचललेले असेल तर ते सपाट करावे. शिवण मध्ये येणारी जाड पँट घालू नये.

आमच्या दोघांच्या सायकली साध्या, बिनगिअरच्या. अशा सायकलीवर चढ आला की खाली उतरून चालावे. यात कमीपणा काही नाही. उभे राहून, दम कोंडून, जोर लावून चढ चढण्याने साठीच्या हृदयावर आणि गुडघ्यांवर नको तेवढा ताण पडतो. पायी चढणे हाही व्यायामच आहे.

पाणी, मीठ आणि शेगावची कचोरी

पहिल्या दिवशी लोणारचे सरोवर वरून पाहताना गुरुजींनी शिक्षकी बाण्याने मला उल्केचा आघात, बेसॉल्ट खडक आणि खारे पाणी समजावून दिले. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले होते ते वाचकांना आठवत असेल. पाणी आणि क्षार यांचे प्रमाण बदलले की तळ्याचा रंग बदलतो, तसेच शरीराचे आहे. आपल्या पाण्याची वार्ता लघवीचा रंग सांगतो. ती फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. ती गर्द पिवळी, थोडी आणि जळजळीची झाली तर पाणी कमी पडते आहे.

हिवाळ्यातही सायकलवर घाम येतो, पण वाऱ्याने लगेच सुकतो म्हणून जाणवत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी चार घोट घ्यावेत. तासाभरापेक्षा जास्त श्रम असतील तर नुसते पाणी पुरत नाही, मीठही लागते. घरी करण्याचे साधे प्रमाण असे: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ वाढवू नये. सायकल चालवत असताना मधुमेहाच्या माणसाने हे घोट-घोट घ्यायला हरकत नाही, मात्र त्यातली साखर त्याने हिशेबात धरावी. घरी बसून ते सरबतासारखे पिऊ नये. ताक आणि मीठ-लिंबू पाणीही उत्तम.

खाण्याचे म्हणाल तर आपली शिदोरी कोणत्याही परदेशी पाकिटाला हार जाणारी नाही. ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी, केळी, भाजलेले हरभरे. भाकरीतली साखर हळूहळू सुटते आणि दोन-तीन तास पुरते. पोटभर एकदाच जेवून सायकलवर बसू नये. थोडे-थोडे, दर दीड-दोन तासांनी खावे. शेगावला पोहोचल्यावर गुरुजींनी तिथली प्रसिद्ध कचोरी खाल्ली. मीही खाल्ली. विश्रांतीच्या दिवशी एक कचोरी खाल्ल्याने आभाळ कोसळत नाही, पण तळलेले खाऊन लगेच चढावर सायकल घालणे म्हणजे पोटाला आणि पायांना एकाच वेळी दोन मालकांकडे कामाला पाठवणे होय. रक्त कोणाकडे जास्त जाणार? मळमळ आणि पोटदुखी त्यातून येते.

चौथा दिवस

आपल्या बुलडाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग आहेत हे वाचकांना सांगायला नको. मेहकर, चिखली, लोणार घाटावर, तर खामगाव, शेगाव घाटाखाली. म्हणजे शेगावला जाताना उतार आपल्या बाजूने असतो आणि परतताना चढ आपल्या विरुद्ध.

चौथ्या दिवशी पहाटे गुरुजी माझ्या आधी उठून काकड आरतीला गेले. न्याहारीचे विचारले तेव्हा "माझे झाले" म्हणाले. खामगावपर्यंत सपाट रस्त्यावर त्यांच्या गप्पा चालू होत्या. खामगाव मागे पडले, रस्ता चढू लागला, तसे बोलणे थांबले. मी म्हटले, जरा उतरून चालू या. त्यावर "मला शिकवू नका" असे तुटक उत्तर आले. पस्तीस वर्षे मुलांवर आवाज न चढवलेला हा माणूस. मी त्यांच्याकडे नीट पाहिले. गार वारा असताना कपाळावर आणि मानेवर घाम डवरलेला. चेहरा पांढुरका. सायकलचे पुढचे चाक रेघ सोडून इकडे-तिकडे जात होते, आणि मागून ट्रक येत होता.

मी सायकल आडवी घालून त्यांना रस्त्याच्या कडेला उतरवले आणि एका लिंबाखाली बसवले. "मला काही झालेले नाही" असे ते तीन वेळा म्हणाले. बोट टोचून यंत्रावर साखर पाहिली तर ५२. सत्तरच्या खाली गेलेली साखर ही कमीच समजायची, आणि पन्नासच्या आसपास मेंदूचे काम बिघडू लागते. पिशवीतील ग्लुकोजचे तीन मोठे चमचे पाण्यात कालवून पुढे केले, तर त्यांनी हात आडवा केला. "आज एकादशी आहे."

तेव्हा उलगडा झाला. न्याहारी झाली म्हणजे बिनसाखरेचा चहा झाला होता. उपवास धरलेला मला सांगितला नव्हता, कारण मी वाद घालीन हे त्यांना पक्के ठाऊक होते. गोळी मात्र आठ वर्षांच्या सवयीने घेतली होती, आणि तीही पूर्ण. खिशातला कागद खिशातच होता.

मी वाद घातला नाही. इतकेच म्हटले, "गुरुजी, उपवासाला साखर चालते. केळी चालतात. शेंगदाण्याचा लाडू चालतो. यातल्या कशाने तुमची एकादशी मोडणार आहे?" ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि मग पेला घेतला. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले, साखर ८१. मग दोन केळी आणि एक लाडू. शेजारच्या शेतात कपाशी वेचणाऱ्या बाया पाण्याची कळशी घेऊन आल्या. त्यातल्या एका म्हातारीने विचारले, "काहून बसले हो दादा? उपासानं भोवळ आली काय?" न शिकलेल्या बाईने एका नजरेत निदान केले होते!

त्या दिवशी पुढचा चढ आम्ही सायकलने चढलो नाही. एका रिकाम्या टेम्पोत दोन्ही सायकली टाकून चिखली गाठली. गुरुजींना ते मनाला लागले. माझ्या मते ठरलेला प्रवास मोडून गाडीत बसण्याइतके शहाणपण ज्याच्यापाशी आहे त्यानेच लांबच्या प्रवासाला निघावे.

साखर एवढी का उतरली?

आता यामागचे शास्त्र पाहू. रक्तातली साखर स्नायूंच्या आत जाण्यासाठी एरवी इन्शुलिनची किल्ली लागते. मधुमेहात ही किल्ली नीट लागत नाही, म्हणून साखर रक्तात साचते. पण स्नायू काम करू लागला की तो किल्लीवाचूनच आपली दारे उघडतो आणि साखर आत ओढून घेतो. व्यायाम मधुमेहावर औषध ठरतो तो यामुळेच. शिवाय श्रम संपल्यावरही ही दारे लगेच बंद होत नाहीत. रिकामी झालेली कोठारे भरण्यासाठी स्नायू पुढचे चोवीस तास, कधी त्याहूनही अधिक, साखर ओढत राहतात. दुसऱ्या दिवशीच्या लांब टप्प्याचा परिणाम म्हणूनच पुढेही शिल्लक असू शकतो.

दुसरे कोठार यकृताचे. त्यात साधारण शंभर ग्रॅम साखरेचा साठा असतो. आपण झोपेत असताना मेंदूला साखर पुरवतो तो हाच साठा. सकाळी न्याहारी केली नाही तर तो अर्धाअधिक संपलेला असतो.

आता तिन्ही गोष्टी एकत्र ठेवा. पायांचे स्नायू चढावर साखर ओढत आहेत. रात्रभराच्या उपवासाने यकृताचे कोठार उतरले आहे. आणि गोळी स्वादुपिंडाला सांगते आहे, इन्शुलिन सोड, रक्तातली साखर आणखी कमी कर. यातली कोणतीही एक गोष्ट एकटी असती तर गुरुजींनी ती सहज पेलली असती. तिन्ही एकाच सकाळी आल्या. म्हणजे दोष सायकलीचा नव्हता, एकादशीचाही नव्हता. दोष उपाशीपोटी घेतलेल्या गोळीचा होता. हे सायकलवर घडले म्हणून रस्त्यावर दिसले. हेच शेतात वखर हाणताना, निंदण करताना किंवा नवरात्राच्या उपवासात देवीचा गड चढताना घडते आणि 'चक्कर आली' एवढीच त्याची नोंद होते.

ओळखावे कसे आणि करावे काय?

साखर उतरू लागली की शरीर आधी धोक्याची घंटा वाजवते: घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड, कडकडून भूक. तिकडे दुर्लक्ष झाले तर मेंदू उपाशी पडतो आणि मग चिडचिड, हट्टीपणा, अडखळते बोलणे, दारू प्यायल्यासारखी चाल, शेवटी बेशुद्धी. रक्तदाबासाठी अॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत धडधड आणि कंप झाकले जातात, घाम मात्र येतो. आणि एक गोष्ट सोबत्याने विशेष ध्यानात ठेवावी. साखर उतरलेला माणूस 'मला काही झाले नाही' असेच म्हणतो. कारण ज्या मेंदूने ते ओळखायचे, तोच तर उपाशी असतो. म्हणून सोबती हवा, आणि सोबत्याला हे ठाऊक हवे.

उपाय सोपा आहे. जागच्या जागी थांबावे. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. साखर नसेल तर गूळ किंवा गोड सरबत. पेढा, चॉकलेट किंवा बिस्कीट यांवर विसंबू नये. त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासावे. सत्तरच्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढेच द्यावे. वर आल्यावर पोटात काही भरीव घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

श्रमाच्या दिवशी रात्री झोपण्यापूर्वीही साखर पाहावी आणि थोडे खाऊन झोपावे. ओढ रात्रीही चालूच असते हे वर सांगितलेच आहे.

रस्त्यावरचे आणखी दोन शब्द

समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यांजवळून गेला असला तरी त्यावर सायकलीला परवानगी नाही. जुन्या रस्त्यांनी जावे, ऊन चढण्यापूर्वी टप्पा संपवावा, अंधारात चालवू नये, मागे लाल परावर्तक लावावा आणि डोक्याला हेल्मेट घालावे. मोकाट कुत्रे मागे लागले तर वेग वाढवण्यापेक्षा उतरून सायकल मध्ये ठेवावी. चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. आणि सायकल चालवताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा निराळी धाप असे काही जाणवले, तर 'पुढच्या गावी बघू' म्हणू नये.

पाचव्या दिवशी काय झाले?

गुरुजींनी न्याहारी केली, साखर मोजली, निम्मी गोळी घेतली आणि चिखली ते मेहकर, मेहकर ते सुलतानपूर हा टप्पा स्वतःच्या पायांनी पूर्ण केला. परतल्यावर त्यांच्या तज्ज्ञांनी रोजच्या सायकलीचा हिशेब धरून ती गोळी कायमचीच कमी केली. पाच दिवसांच्या प्रवासाने मधुमेह बरा होत नाही, तसा दावा कोणी केल्यास विश्वास ठेवू नये. फरक पडतो तो आधीच्या दोन महिन्यांच्या आणि त्यानंतरच्या रोजच्या सवयीने. उपवासही त्यांनी सोडलेले नाहीत. आता ते एकादशीच्या आदल्या दिवशी दवाखान्यात येतात आणि उद्या कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, ते विचारून जातात.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी मधुमेहाचा रुग्ण आहे त्यांनी आज एवढेच करावे. त्याच्या गोळ्यांची पाकिटे काढून नावे एका कागदावर लिहावीत आणि पुढच्या उपवासाआधी तो कागद आपल्या डॉक्टरांना दाखवून विचारावे: न खाता यातली कोणती गोळी घ्यायची नाही? उत्तर त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे. आणि तो कागद खिशात न ठेवता, गोळ्यांच्या डबीवरच चिकटवावा.

(पुढील आठवड्यात: मधुमेहात पायांची निगा)